वहीतला जुना तास

जिलाली दुसऱ्यांदा साखरेचा सुळका घेऊन आला, तेव्हाच बूश्ताला वाटलं की कुठेतरी पाणी मुरतंय. निळ्या कागदात गुंडाळलेला तो सुळका माणसं तीन वेळा आणतात. मुलगी मागायला, घरात कुणी गेलं म्हणून भेटायला, नाहीतर काही मोठं मागायचं असेल तेव्हा. बूश्ताच्या बायकोला, रकियाला, जाऊन आठ महिने झाले होते. तिच्यासाठीचा सुळका जिलाली तेव्हाच देऊन गेला होता. बूश्ताला मुलगी नव्हती.

"काय हवंय?" बूश्ताने विचारलं.

"अरे, आधी बस तरी म्हण."

"बस. काय हवंय?"

दुपारची वेळ होती. बूश्ताच्या भाकरीच्या भट्टीचं काम संपलं होतं. मोहल्ल्यातल्या बायकांनी कणकेचे गोळे ठेवून पाठवलेल्या लाकडी फळ्या भाजलेल्या भाकऱ्यांसह परत गेल्या होत्या आणि भिंतीशी दोनच उरल्या होत्या. जिलाली बाकावर बसला आणि सुळका मांडीवर ठेवून तो थोपटू लागला. तो मोहल्ल्याच्या संस्थेचा अध्यक्ष होता. तीन वर्षांपूर्वी याच संस्थेला झाडं लावायला सरकारी मदत मिळाली होती. झाडं लावली त्या दिवशी भरपूर फोटो निघाले. नंतर झाडं वाळली आणि त्यांना पाणी घालण्याचं काम मिळालेल्या जिलालीच्या मेहुण्याने नवी मोटारसायकल घेतली.

"रबातहून, राजधानीतून जाहीर झालंय," जिलाली म्हणाला. "दमा आणि ॲलर्जीवर संशोधन करायला मंत्रालय अनुदान देणार आहे. पण एकट्यादुकट्याला नाही. वैद्यकीय महाविद्यालय, विद्यापीठाची हवा मोजणारी प्रयोगशाळा आणि रुग्णांची संस्था, तिघांनी मिळून अर्ज करायचा. कळलं? तिघं एकत्र. रुग्णांची संस्था म्हणजे आपण."

"आपण म्हणजे तू."

"बरं, मी. पण माझ्याकडे काय आहे? रबरी शिक्का आहे. वह्या तुझ्याकडे आहेत."

बूश्ताने हातातलं फावडं भिंतीला टेकवलं. वह्यांबद्दल याला कुणी सांगितलं? त्या रकियाच्या होत्या. चार वर्षं ती रोज लिहीत होती. मशिदीतल्या मोठ्या बायकांच्या वर्गात अक्षरं शिकली, तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं होतं की रोज काहीतरी लिहीत जा, नाहीतर विसराल. रकिया म्हणाली, माझ्याकडे दम्याशिवाय लिहिण्यासारखं काय आहे? मग तिने तेच लिहायला घेतलं. किती वाजता धाप लागली, दवाखान्याने दिलेल्या नळीत फुंकल्यावर काटा कितीवर गेला, पंप किती वेळा घेतला. बरं वाटलं तर 'आज बरं'. पुढे तिने बूश्तालाही भट्टीच्या कोळशाने फरशीवर अक्षरं गिरवायला लावली होती. तो हळूहळू वाचायला शिकला.

"तामूने सांगितलं असणार," तो म्हणाला. तामू रकियाची धाकटी बहीण.

"कुणीही सांगू दे. घराघरात दमा आहे, पण तास लिहून ठेवलेला दमा या गावात एकच आहे. डॉक्टर म्हणतात, सोनं आहे ते."

"सोनं आहे ना? म्हणूनच तू आलास."

जिलाली हसला. "तुला काय वाटतं, मी ते पैसे खिशात घालीन?"

"नाही. तुला मेहुणा आहे."

जिलालीचं हसू जिरलं. जाताना त्याने सुळका बाकावर तसाच ठेवला. बूश्ताने तो उचलून त्याच्या हातात परत दिला.

खरं तर बूश्ताच्या मनात संशय जिलालीपेक्षा मोठा होता. सीदी बुन्वार गावाच्या उत्तरेला बंदराशी माशांची भुकटी करणारा कारखाना होता. त्याची सुकवणी पहाटे साडेचारला सुरू व्हायची आणि पाचच मिनिटांत तो वास सगळ्या गावात शिरायचा. रकियाला धाप पहाटेच लागायची. बूश्ताने एवढंच जोडलं होतं आणि त्याला त्यापेक्षा जास्त काही जोडायची गरज वाटली नव्हती. कारखान्याने तिला मारलं हे तो मोहल्ल्यात, बाजारात, दफनभूमीच्या फाटकाशी, सगळीकडे बोलून बसला होता. आता ज्या सरकारने त्या कारखान्याला परवाना दिला तेच सरकार दम्याचं संशोधन करायला पैसे देणार, हे ऐकून तो आणखी सावध झाला. वह्या घेतील, रबातला नेतील आणि एके दिवशी छापून आणतील की कारखाना निर्दोष आहे, जैतुनाच्या फुलांचा दोष आहे, नाहीतर रकियाने गालिचा झटकला नाही.

चार दिवसांनी डॉक्टर सिहाम आली. तिने साखर आणली नव्हती. पस्तिशीची बाई, पायात सपाट बूट, जुनी पांढरी गाडी. बूश्ता गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"काका, गाडीचा नंबर लिहून घेतलात का?"

"पाठ केला."

"बरं केलंत. माझ्या नवऱ्याला अजून पाठ नाही."

ती बाकावर बसली आणि बूश्ताचे हात पिठाने भरलेत हे बघून तिने हस्तांदोलनाऐवजी छातीला हात लावला. बूश्ताने सरळ विचारलं, "पैसे कोण देणार?"

"सरकार."

"कारखान्याला परवाना कोणी दिला?"

"सरकारने."

"मग तुम्ही काय लिहिणार?"

"जे दिसेल ते. काका, मला अजून काही माहीत नाही. माहीत असतं तर पैसे कशाला मागितले असते?" मग ती म्हणाली, "माझ्याकडे रुग्णालयातल्या नोंदी आहेत, पण माणूस बेशुद्ध होईपर्यंत रुग्णालयात येत नाही. विद्यापीठाने तीन वर्षांपूर्वी शाळेच्या गच्चीवर यंत्र ठेवलंय, ते तासातासाची हवा सांगतं, पण हवेने कुणाला काय झालं हे सांगत नाही. मधला दुवा कुणाकडेच नाही. तो तुमच्या घरात आहे. महिनाअखेरीला अर्ज जायचाय. त्याआधी हे तिन्ही तुकडे जुळतात एवढं दाखवता आलं तर मंत्रालय पुढचं वाचेल. नाहीतर गठ्ठ्यात आमचा एक गठ्ठा."

"आणि जिलालीला काय मिळणार?"

"बैठकांचा चहा."

बूश्ताला हसू आलं, पण त्याने ते दाखवलं नाही. त्याने अटी घातल्या. वह्या घराबाहेर जाणार नाहीत. फोटो इथेच, त्याच्या डोळ्यांदेखत काढायचे. त्याने प्रत्येक पानावर आधीच पेन्सिलीने आकडा टाकला होता. सिहाम फोटो काढत गेली आणि तो शेजारी उभा राहून आकडे मोठ्याने म्हणत गेला. दोन पानं चिकटली होती, तिथे त्याने तिला थांबवलं. "एक्क्याण्णव राहिलं." ती म्हणाली, "काका, तुम्ही आमच्या विभागात नोकरी करा."

दहा दिवसांनी ती परत आली तेव्हा तामू तिथेच होती. ती फळी घेऊन आली होती आणि मग बातमीच्या आशेने थांबली होती. सिहामने बाकावर एक लांब कागद पसरला. त्यावर दोन रेघा होत्या. निळी रेघ गच्चीवरच्या यंत्राची, लाल रेघ रकियाच्या धापेची.

"हे बघा. साडेचारला सुकवणी सुरू होते, निळी रेघ चढते. रकिया काकूंच्या नोंदी बहुतेक पाचच्या आहेत. अर्ध्या तासाने लाल रेघ. दोन वर्षांत, दिवसामागून दिवस."

तामूने कपाळावर हात मारला. "मी म्हणत नव्हते, भावोजी? मी म्हणत नव्हते? माझ्या बहिणीला त्या माशांच्या भुकटीने खाल्लं! आता बघते त्या मालकाला, कुठल्या तोंडाने जुम्म्याला पहिल्या रांगेत बसतो ते!"

"एवढ्यावरून सिद्ध होत नाही," सिहाम म्हणाली. "पण अर्जाला हे पुरेसं आहे. फार चांगलं आहे."

आठ महिने छातीत घट्ट धरलेलं काहीतरी सैल झाल्यासारखं बूश्ताला वाटलं. तो चहा करायला उठला. किटलीत पुदिना घालता घालता त्याने सहज विचारलं, "या मधल्या जागा मोकळ्या का?"

"ते रमजानचे महिने. ते आम्ही वगळणार. रमजानात सगळंच बदलतं. त्या महिन्यात काकूंची धाप पहाटेची नाहीच, दुपारी तीन-साडेतीनची आहे. रोज्यात लोक दिवसा पंप घेत नाहीत, त्यामुळे दुपारपर्यंत त्रास वाढतो. आम्ही हे नेहमी बघतो."

बूश्ताचा हात किटलीच्या झाकणावर थांबला.

रकिया रोजे ठेवत नव्हती. डॉक्टरांनीच मना केलं होतं. लोक काय म्हणतील म्हणून ती आतल्या खोलीत पंप घ्यायची, पाणी प्यायची, आणि हे बूश्ताशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. सख्ख्या बहिणीलाही नाही. मग दुपारी तीनला धाप कशाची?

रमजानात भट्टी पहाटे पेटत नाही. संध्याकाळी रोजा सोडायला गरम भाकरी लागते, म्हणून दुपारी पेटते. अडीचला.

"काका, उतू जातंय," सिहाम म्हणाली.

दोघी गेल्यावर त्याने भट्टीचं लोखंडी दार लावलं आणि वह्या खाली काढल्या. आता त्याला आणखी एक गोष्ट आठवली होती आणि ती आठवायला नको होती. सरकारने घड्याळ कायमचं एक तास पुढे नेलं तेव्हापासून रकियाने ते कधी मानलं नव्हतं. गावात अशी माणसं पुष्कळ होती. कुणी भेटायची वेळ दिली की समोरचा विचारायचाच, जुना तास की नवा? रकियाचं भिंतीवरचं घड्याळ जुन्या तासावर चालायचं. "सूर्याने काही अर्ज केला नव्हता," असं ती म्हणायची. फक्त रमजानात सरकार स्वतःच महिनाभर घड्याळ मागे आणायचं, तेव्हा ती म्हणायची, "आले ना माझ्याकडे?" वहीतले पाच म्हणजे तिचे पाच. सरकारचे सहा. आणि गच्चीवरचं यंत्र सरकारच्या घड्याळावर चालत होतं.

कारखाना साडेचारला. भट्टी साडेपाचला. धाप सहाला.

त्याने बोटांवर पुन्हा मोजलं. अर्धा तास तोच होता, फक्त तो कारखान्यापासून सुटून त्याच्या भट्टीपाशी आला होता.

खालच्या मजल्यावर भट्टी, वर खोली. थंडीत उबदार राहते म्हणून रकियाने पलंग धुराड्याच्या भिंतीशी लावून घेतला होता. खाली बूश्ता लाकडाचा भुसा आणि तेल काढून उरलेला जैतुनाचा चोथा जाळायचा. चोथा स्वस्त होता आणि पेटायला वेळ लागायचा, पहिला अर्धा तास नुसता धूर. तोवर तो खाली पिठात असायचा. ती सात वाजता चहा घेऊन खाली यायची, तेव्हा पंप घेऊन झालेला असायचा आणि चेहरा नेहमीसारखा. "वास होता का आज?" तो विचारायचा. "होता," ती म्हणायची. कसला वास ते त्याने कधी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

त्याला पक्कं करायचं होतं. गेल्या वर्षी जैतुनाच्या तोडणीच्या दिवसांत त्याचा भाऊ वारला होता. बूश्ता आठ दिवस भावाच्या गावी, खूरिबगाला होता. भट्टी बंद होती, कारखाना चालू होता. त्याने पानं उलटली. रकियाची जाड अक्षरं एकाखाली एक होती. आज बरं. आज बरं. आज बरं, तामू आली होती. आज बरं. आठ दिवस. नवव्या दिवशी, तो परतल्यावर, पाच वाजता, काटा दोनशे दहावर, पंप दोनदा.

त्याने वही मिटली. ती हे लिहीत होती म्हणजे ती हे बघतही होती. तिला कळलं होतं का? कळलं होतं तर ती का बोलली नाही? आठ महिने तो जगावर संशय घेत आला होता. आता तो मेलेल्या बायकोवर संशय घेत होता, की तिने त्याला वाचवण्यासाठी तोंड मिटून ठेवलं. याचं उत्तर वहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो जिलालीकडे गेला. सिहामकडे जाण्याआधी कुणाशी तरी बोलून बघावं असं त्याला वाटलं आणि जिलाली सोडून दुसरं कुणी सुचलं नाही. जिलालीने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

"कुणाला माहीत आहे?"

"मला."

"मग झालं तर. तू वेडा आहेस का? एवढी वर्षं गाव ओरडतंय, कारखान्याचं नाव कुठल्याही कागदावर आलं नाही. आता येतंय. आणि तू म्हणतोस, थांबा हो, घड्याळ चुकलं?"

"चुकलंच आहे."

"एक तास! अरे, कारखाना काय अत्तर गाळतो? त्या धुराने लोक आजारी पडत नाहीत? रकियाच्या वहीमुळे बाकीच्यांचं भलं होत असेल तर तुझ्या एका तासाने कुणाचं काय बिघडणार?"

यात खोट काढणं बूश्ताला जमलं नाही. जिलालीचं म्हणणं खोटंच असेल असंही नव्हतं आणि त्यामुळेच ते ऐकायला धोक्याचं वाटत होतं. जिलाली त्याच्याजवळ सरकला. "आणि स्वतःचा विचार कर. आज लोक तुला बिचारा म्हणतात. उद्या काय म्हणतील?"

"ते मी रात्रभर म्हणतोय."

गुरुवारी संस्थेच्या खोलीत सह्या होत्या. सिहाम होती, विद्यापीठाचा एक अबोल माणूस होता आणि रकियाच्या वतीने नातेवाईक म्हणून बूश्ता आणि तामू. जिलाली अर्ज वाचून भरत होता. नाव, गाव, नातं. मग तो पुढच्या रकान्याशी आला आणि न थांबता म्हणाला, "या संशोधनाच्या निकालात आपला काही हितसंबंध आहे का? नाही. पुढे."

"थांब," बूश्ता म्हणाला. "काय विचारलंय?"

"काही नाही रे, सगळे 'नाही' लिहितात."

"काका, म्हणजे निकाल असा किंवा तसा लागला तर तुमचा फायदा-तोटा आहे का," सिहामने समजावलं. "कारखान्यात नोकरी वगैरे."

"लिहा, आहे. भट्टी माझी आहे. ती साडेपाचला पेटते. वहीतली वेळ जुन्या तासाची आहे."

विद्यापीठाच्या माणसाने स्वतःचा कागद पुढे ओढला आणि लाल रेघेवर बोट ठेवून ते एक तास पुढे सरकवलं. सिहामने डोळे मिटून घेतले.

"आणि रमजान?" तिने हळूच विचारलं.

"ती रोजे ठेवत नव्हती. पंप घेत होती. भट्टी अडीचला पेटायची."

तामू उठून उभी राहिली. आधी तिला काहीच समजलं नाही, मग एकदम सगळं समजलं, पण वेगळंच. "किती दिले?" ती म्हणाली.

"काय?"

"कारखान्याने. किती दिले तुम्हाला, भावोजी? काल माझी बहीण रोजे ठेवत होती, आज ठेवत नव्हती? काल पाच वाजत होते, आज सहा?"

"तामू, तिचं घड्याळ तुला माहीत आहे."

"मला सगळ्यांची घड्याळं माहीत आहेत!" तिने जिलालीकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. "माणूस स्वतःच्या तोंडाने कधी सांगेल का, मी मारलं म्हणून? पैसे घेतल्याशिवाय?"

महिन्यापूर्वी कुणी दुसरा असं बोलला असता तर बूश्तानेही हेच विचारलं असतं.

सिहाम म्हणाली, "तामूबाई, यांनी मारलं असं मी म्हणत नाही. कारखाना सुटला असंही म्हणत नाही. एक माणूस दोन धुरांत राहत होता, एवढंच आता आपल्याला कळलंय. अर्ज हाच राहील, प्रश्न बदलेल." मग ती बूश्ताकडे वळली. "पण काका, आता नुसती वही पुरणार नाही. महिनाअखेरीला अजून बारा दिवस आहेत. प्रयोगशाळेचं छोटं यंत्र मला आठवडाभर वरच्या खोलीत ठेवू द्या. भट्टी नेहमीसारखी पेटवायची. तोच चोथा, तीच वेळ. नंतर बंद करायची असेल तर करा, धुराडं उंच करायचं असेल तर त्याचे पैसे आपण याच अर्जात मागू. पण हा आठवडा नेहमीसारखा हवा."

बूश्ता तीन दिवस भट्टी पेटवत नव्हता. मोहल्ल्याला त्याने कंबर धरल्याचं सांगितलं होतं.

"पेटवतो," तो म्हणाला.

"मी वर बसणार," तामू म्हणाली. "तुमच्या यंत्रावर माझा भरवसा नाही. यांच्यावर तर नाहीच."

सोमवारी पहाटे तिघं वेळेवर आली. विद्यापीठाच्या माणसाने यंत्र पलंगाच्या उशाशी ठेवलं आणि तो शाळेच्या गच्चीवरच्या यंत्राशी गेला. सिहाम स्वतःची वही घेऊन खिडकीशी बसली. तामू पलंगाच्या काठावर बसली. यंत्रावरचा धुराचा आकडा कोणत्या बाजूने वाचायचा हे तिने दोनदा विचारून घेतलं.

खाली बूश्ताने भुसा अंथरला, त्यावर चोथा टाकला आणि काडी ओढली. चोथा पेटायला वेळ लागतो. जिन्याकडे पाठ करून तो उभा राहिला. धूर आधी भट्टीतच घुटमळला आणि मग वाट सापडल्यासारखा वर निघाला.

"अकरा," वरून तामूचा आवाज आला. फक्त सिहामला ऐकू जाण्याइतका नव्हता, खाली यावा इतका मोठा. थोड्या वेळाने ती म्हणाली, "चौदा." मग बराच वेळ काही नाही. त्याने फावड्याने चोथा सारला. एवढ्यात वर कुणीतरी खोकलं. सिहाम की तामू, हे त्याला कळलं नाही.

"बावन्न," तामू म्हणाली. या वेळी तिचा आवाज मोठा नव्हता.

बाहेर पहिली बाई फळी घेऊन येऊन उभी राहिली आणि तिने कंबर बरी झाली का म्हणून विचारलं. बूश्ताने मान हलवली, तिच्या हातातून फळी घेतली, आणि नेहमी टाकायचा तेवढाच चोथा आत टाकला.